तीन पळ्या

खिडकीच्या कट्ट्यावर सात वस्तू होत्या. पोटातल्या वाऱ्यासाठी द्यायच्या थेंबांची बाटली, निम्मी उरलेली. स्टीलची वाटी. वाटीतला चमचा, तो वेगळा धरायचा. घुटीची सहाण, तिच्यावर वेखंड आणि मुरुडशेंग उगाळल्याचे वाळलेले डाग. हिंगाची डबी. भाजलेल्या बाळंतशेपांची बरणी. आणि मलमलीचा एक चौकोनी तुकडा, कितीही धुतला तरी आंबूस वास न जाणारा. सात. कोपऱ्यात चांदीची वाटी आणि पळीही होती. पण ती देवाची, सासूबाई पूजेनंतर तिथे विसरल्या असणार, म्हणून वर्षाराणीने ती धरली नाही.

मोजलं की जरा बरं वाटायचं. लातूरच्या एमआयडीसीतल्या तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरीच अशी होती. सोयाबीनची गाडी फाटकातून आत आली की पोत्यापोत्यातून मूठभर माल काढायचा, त्यातला शंभर ग्रॅम पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि चिमट्याने वेगळं करायचं: माती इकडे, काडी तिकडे, फुटका दाणा, डागी दाणा, हिरवा दाणा. शेवटी प्रत्येक ढिगाला एक आकडा मिळायचा, आणि आकडा कागदावर आला की हुज्जत घालणारा अडत्याही गप्प व्हायचा. घरात तसं होत नव्हतं. घरात अंबिका होती, तीन महिन्यांची होत आलेली, आणि तिला दूध पिताना दुखायचं. बाकी सगळं या एका गोष्टीच्या भोवती मांडून ठेवलेलं होतं, कट्ट्यावरच्या सात वस्तूंसकट.

त्या दुपारी अंबिका पाळण्यात जागी होती आणि रडत नव्हती. असं फार वेळा व्हायचं नाही. वर फिरणाऱ्या पंख्याकडे ती कपाळाला आठी घालून पाहत होती, जणू पंख्याचं काहीतरी चुकत होतं. पाजायची वेळ झाली म्हणून वर्षाने मांडीवर घ्यायची पिवळी उशी उचलली. अंबिकाची नजर पंख्यावरून उशीवर आली. खालचा ओठ बाहेर आला, हनुवटी थरथरली आणि ती रडू लागली. वर्षाने उशी पाठीमागे धरली. रडणं थोड्या वेळाने विरत गेलं. तिने उशी पुन्हा पुढे आणली. ओठ पुन्हा बाहेर आला. तिसऱ्यांदा करून पाहायचा धीर तिला झाला नाही. दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढू नये, हे तिने नव्या पोरांना कितीदा तरी सांगितलं होतं. पण उशी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की या मुलीला जगात आल्यावर पहिली गोष्ट जी समजली, ती ही होती. पिवळं दिसलं की आई येते आणि आई आली की दुखतं. आईचा वास, गादी दबल्याचा आवाज, ब्लाउजची हुकं निघाल्याचा आवाज, सगळं त्याच रांगेत बसलं असणार. तीन महिन्यांच्या मेंदूला एवढं जमतं याचं तिला एरवी कौतुक वाटलं असतं.

पिणं असं व्हायचं. भुकेने कासावीस झालेली अंबिका तोंड लावायची, चार-पाच घोट घाईघाईने घ्यायची, घोट गिळल्याचा तो छोटासा टक् असा आवाजही यायचा, आणि मग तिचं अंग ताठ व्हायचं. पाठीची कमान व्हायची, मुठी आवळायच्या, चेहरा आधी लाल मग जांभळट, आणि ती आईच्या छातीला दोन्ही हातांनी रेटायची. वर्षा तिला खांद्यावर घ्यायची, पाठ चोळायची, फेऱ्या मारायची. ती शांत झाली की भूक असायचीच, म्हणून पुन्हा तोंड लावायची, आणि पुन्हा. भूक आणि दुखणं एकाच जागी होतं. वर्षाला स्वतःचं शरीर आता भांड्यासारखं वाटायचं, आत काय आहे ते माहीत नसलेलं, लेबल निघून गेलेलं भांडं. रात्र आणि दिवस यांतला फरक तिच्यापुरता पुसला गेला होता. फरक एवढाच, की दिवसा सासूबाई, पार्वतम्मा, उठून मूल घ्यायच्या आणि रात्री उमाशंकर. नवरा चांगला होता. गंजगोलाईत त्याचं भांड्यांचं दुकान होतं. दिवसभर पितळ-स्टील तोलून तो घरी यायचा आणि शर्ट न बदलता पोरीला खांद्यावर टाकायचा. एकदा त्याने दुकानातला इलेक्ट्रिक काटा घरी आणला होता, वर्षानेच सांगितलं होतं म्हणून. काट्यावर परात, परातीत दुपटं. पार्वतम्मांनी ते पाहिलं आणि दारातच उभ्या राहिल्या. "लेकरू काय पितळ हाय का रे तोलायला? नजर लागत्याय." काटा त्याच पिशवीतून दुकानात परत गेला.

पार्वतम्मांशी तिचं वाकडं नव्हतं. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिची आई वारली, त्यामुळे नांदेडच्या माहेरी बाळंतपण करायला कुणी नव्हतं. ते लातुरात सासरी झालं आणि पार्वतम्मांनी केलं. त्यांना ती मामी म्हणायची. मामींनी डिंकाचे लाडू वळले, खारीक-खोबरं दळलं, अळिवाची खीर केली, बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार धरली ती थांबायचं नाव नाही. बाळंतिणीला दूध यायचं तर दूधतूप पोटात गेलं पाहिजे. आणि एक गोष्ट वर्षाला या घरातली पहिल्यापासून आवडली होती: इथे विटाळ धरत नाहीत. वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणींच्या घरी बाळंतीण सव्वा महिना देवाकडे फिरकायची नाही, भांडीसुद्धा वेगळी. लिंगायतांत ते नाही. दवाखान्यातून घरी आली त्याच सकाळी मामींनी तिला पूजेजवळ पाटावर बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी स्वामी येऊन बाळाला लिंग बांधून गेले. चांदीच्या इवल्याशा डबीतलं, पांढऱ्या दोऱ्याने खांद्यावरून तिरकं. "आपल्यात इटाळ न्हाई बग," मामी आल्यागेल्याला सांगायच्या, "जल्माला येणं काय घाण असतंय व्हय?" वर्षाचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण हे वाक्य तिला पटलं होतं. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी नीट विचार केला होता.

लातूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते. थेंबांनी काही झालं नाही. मग एक दिवस लंगोटात शेंबडासारख्या चिकट शीमध्ये रक्ताचे दोन बारीक धागे दिसले आणि उमाशंकर त्यांना घेऊन नांदेडला गेला, लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी अंबिकाचं पोट दाबून पाहिलं आणि समजावून सांगितलं: आई जे गाई-म्हशीचं दूध घेते, त्यातलं प्रथिन थोडंसं आईच्या दुधात उतरतं. काही मुलांच्या आतड्यांना ते सोसत नाही, आतडं सुजतं. मुलाला आईचं दूध नको असतं असं नाही, त्यातलं ते एक नको असतं. तेव्हा आईने दूध, दही, ताक, तूप, लोणी, पेढा, चहातलं दूध, बिस्किटातलं दूध, सगळं बंद करायचं. वर्षाला हे ऐकून पहिल्यांदा, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, हलकं वाटलं होतं. कारण हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. मालात काहीतरी भेसळ आहे, ते काय आहे ते कळलं आहे, काढून टाकायचं.

मामींना सांगणं अवघड जाईल असं वाटलं होतं, पण गेलं नाही. लंगोटातलं रक्त त्यांनीही पाहिलं होतं. "न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या आणि तुपाचं भांडं उचलून वरच्या फळीवर ठेवलं. त्यानंतर त्या वर्षापेक्षा कडक झाल्या. भाजीला करडीचं तेल, लाडू तिळाच्या तेलात. बिस्किटाचा पुडा आला की वर्षाला बारीक अक्षर मोठ्याने वाचायला लावायच्या. दुधाची पिशवी फोडली ती कात्रीसुद्धा धुवून ठेवायच्या. बाळंतिणीच्या ताटात कोरडी भाकरी वाढताना त्यांचा हात अडखळायचा, कुणी आलं तर ताट झाकायच्या. ईदेला शेजारच्या रईसाआपा शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आल्या, खास जास्त बदाम घालून, बाळंतिणीसाठी. वर्षाने हात जोडले. रईसाआपांना वाईट वाटलं, पण त्यांनी पाळण्यात डोकावून ते हसण्यावारी नेलं. "इत्तीसी जान और इत्ते नखरे. पूरी अपने अब्बा पे गई." मामी म्हणाल्या, "बापावर न्हाई आपा, माझ्यावर. मी बी कुणाचं खात नव्हते." दोघी हसल्या. वर्षा हसली नाही. ती पातेल्यावरच्या सायीकडे बघत होती, आणि तिला वाटलं, आपण इतक्या काटेकोर आहोत, तरी.

तरी काही बदललं नव्हतं. तीन आठवडे झाले होते. रक्ताचे धागे मधूनच दिसत, अंग ताठ होत होतं, आणि आता तर उशी दिसल्यावर रडणं. तिने एकेक शक्यता खोडून काढली होती. तिखट बंद केलं. शेंगदाणे बंद केले. एक दिवस तिने अंबिकाच्या छातीवरची लिंगाची डबी दोऱ्यासकट पाठीकडे सरकवली, पाजताना ती रुतत असेल म्हणून. काही फरक पडला नाही, पुन्हा पुढे आणली. मामींनी ते पाहिलं होतं. आता खोडायला उरलेली एकच शक्यता होती, ती स्वतः वर्षा. तिचं दूधच.

नांदेडला दुसऱ्यांदा गेले तेव्हा नर्सने अंबिकाचे कपडे उतरवून तिला काट्यावर ठेवलं आणि डबीकडे बोट करून म्हणाली, हे काढा. उमाशंकर म्हणाला, ते काढत नसतात. नर्सने खांदे उडवले. काट्यावर चार किलो दोनशे साठ आले. त्यातली डबी किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. वर्षाला ठाऊक होतं, की डबी दर वेळी तीच असेल तर वजनातला फरक तोच राहतो, काळजीचं कारण नाही. तरी तो न कळलेला आकडा तिला टोचत राहिला. डॉक्टरांनी तक्त्यावर टिंब काढलं. मागच्या टिंबापासून ते जवळजवळ आडवं गेलं होतं. तीन आठवडे अजून, त्या म्हणाल्या. निदान चारशे ग्रॅमची वाढ दिसली पाहिजे. नाही दिसली तर आईचं दूध थांबवू, वेगळी पावडर सुरू करू; ती प्यायलीच नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. खाण्यात कुठे काही राहून जात नाही ना? वर्षा नाही म्हणाली. तिला खात्री होती.

परतीच्या गाडीत अंबिका दमून झोपली. लोहा मागे पडलं. खिडकीची काच बंद होत नव्हती आणि गरम वारा आत येत होता. वर्षाचा डोळा लागत होता, उघडत होता, आणि अशा त्या मधल्या अवस्थेत तिला प्रयोगशाळेतला एक पावसाळा आठवला. आठवडाभर प्रत्येक तेलाचा आम्लांक जास्त येत होता. चांगल्या बियांचंही तेल खराब निघत होतं. साहेब ओरडले, गाड्या अडल्या. तिने तेल तपासलं, नळी तपासली, द्रावण पुन्हा बनवलं. शेवटी कुणीही न सांगता तिने ब्लँक लावलं. म्हणजे सगळं तसंच करायचं, फक्त तेल टाकायचं नाही. ज्यात काहीच नाही त्याचा आकडा काढायचा. आकडा शून्याच्या जवळ यायला पाहिजे होता, आला नाही. तेल ज्यात विरघळवायचं त्या स्पिरिटच्या नव्या कॅनमध्येच आम्ल होतं. ते तेलाच्या आधीच चंचुपात्रात जात होतं, म्हणून कुणी ते धरतच नव्हतं.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. उमाशंकर उतरून चहा बघायला गेला. खाली एक बाई काकड्या चिरून मीठ लावून विकत होती; कंडक्टर तिच्याशी भांडत होता आणि काकडी खातही होता. वर्षाने अंबिकाचं डोकं या दंडावरून त्या दंडावर घेतलं आणि मनात स्वतःचं ब्लँक लावलं. समज, दिवसभर काहीच खाल्लं नाही. भाकरी नाही, भाजी नाही, चहा नाही. तर पोटात काय जातं? सकाळी डोळे उघडले. दात घासले. आंघोळ. मग केस तसेच ओले असताना पूजेजवळ पाटावर. मामींच्या डाव्या तळहातावर त्यांचं लिंग, त्यावर दूध, दही, मध, साखर. खाली चांदीची वाटी. मग पळी. तिने डोळे उघडले. उजवा हात अंबिकाच्या पाठीखाली होता, तो तिने हळूच सोडवून घेतला आणि पाहिला. तळहाताचा खोलगट भाग. तीन पळ्या, रोज, काही खायच्या आधी. मग ती ओठ लावते, उरलेलं जिभेने घेते, आणि हात केसांवरून फिरवते. तीन आठवडे पाहिल्या-वाचल्या सगळ्या गोष्टींत ते कधी आलंच नव्हतं, कारण ते खाणं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात बाळंतिणीला पहिला सव्वा महिना तरी ते मिळालंच नसतं.

उमाशंकर खिडकीशी आला आणि त्याने कागदी पेला वर केला. "कोरा आणला. दोनदा सांगितलं त्याला, थेंबबी टाकू नको मनून." वर्षा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं तिला रडू येतंय. त्याने पेला तसाच धरून ठेवला, गाडी सुरू होईपर्यंत. लातूर येईस्तोवर तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगण्याआधी तिला पळी मोजायची होती.

ती तिने दुसऱ्या दिवशी सकाळी, मामी आंघोळीला गेल्या तेव्हा मोजली, थेंबांच्या बाटलीबरोबर आलेल्या नळीने. पळीत चार मिली पाणी मावलं. तीन पळ्या म्हणजे बारा. एका माणसाला बारा मिली म्हणजे काहीच नाही. मग मामी पूजेला बसल्या, वर्षा नेहमीच्या जागी बसली, आणि पळी पुढे आली तेव्हा तिने हात पुढे केला नाही. पळी हवेत थांबली.

"मामी, तीर्थात दूध असतं."

"असतंय की. दूध, दही. सोमवारी तूप." मग त्यांना कळलं असावं, पण त्यांनी कळू दिलं नाही. "तीर्थ काय जेवण असतंय व्हय गं? देवाचं बाधत नसतंय."

याला उत्तर होतं. प्रथिन कुठल्या भांड्यातून आलं ते आतड्याला कळत नाही, असं काहीसं. ते तिने दिलं नाही. "मला बाधत नाही," ती म्हणाली. "तिला बाधतंय."

मामींनी पळी वाटीत ठेवली. तळहातावरचं लिंग पुसलं, भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं, सगळं नेहमीच्या क्रमाने, फक्त फार हळू. आतल्या खोलीत अंबिका कुरकुरायला लागली होती. मामी तिकडे न बघता म्हणाल्या, "मनजे इतके दिस मीच दिऊलाले ते. मीच."

आपण दोघींनी, असं वर्षा म्हणू शकली असती. ते खरंही होतं. पण शब्द जुळेपर्यंत मामी उठून गेल्या.

त्यानंतर कितीतरी सकाळी मामींनी तिला पूजेला बोलावलं नाही. भांडण नव्हतं. जेवण वेळेवर होतं, अंबिकाला त्या घेत होत्या, नळ आला की दुपटी आधी धूत होत्या. फक्त पाट एकच मांडलेला असायचा. वर्षा आंघोळ करून यायची, ओल्या केसांनी दारात क्षणभर थांबायची आणि वळायची. तिला अपेक्षा नव्हती असं काही त्या आठवड्यात झालं: तिचा उजवा हात रिकामा वाटायला लागला. देव नव्हता तिथे, हे तिला माहीत होतं; दूध होतं, दही होतं, मध होता. तरी सकाळी कुणीतरी आपल्या तळहातावर काहीतरी ठेवतं आणि आपण ते न विचारता तोंडात घालतो, यात असं काहीतरी होतं की ते तिला आई गेल्यापासून दुसरीकडे मिळालं नव्हतं. तिने यावर फार विचार केला नाही. विचार करायला अंगात त्राण नव्हतं. खुर्चीवर बसल्याबसल्या तिला झोप लागायची आणि झोपेतही ती पाठ चोळत असायची, कुणाची ते कळायचं नाही.

अंबिका लगेच बदलली नाही. चार-पाच दिवस तसेच गेले. दूध उतरायला वेळ लागतो तसा निघायलाही लागतो, डॉक्टर बोलल्या होत्या. मग एके दुपारी वर्षाच्या लक्षात आलं, की ती घोट मोजत होती आणि मोजता मोजता चुकली. सहाच्या पुढे गेली होती. अंग ताठ झालं, पण उशिरा आणि थोडं. पुढे कधीतरी झालंच नाही. लंगोट पिवळे यायला लागले, नुसते पिवळे. पण उशी उचलली की रडणं तसंच होतं. दुखणं गेलं होतं, दुखण्याची आठवण राहिली होती. अंबिका रडत तोंड लावायची, पहिला घोट घ्यायची, आणि मग रडायचं थांबून डोळे मोठे करून थांबायची, काहीतरी व्हायची वाट बघत. ती वाट बघणं पाहवत नव्हतं. तेव्हा वर्षाने वेळ नसताना उशी उचलायला सुरुवात केली. उचलायची, अंबिकाला दाखवायची, आणि काहीच करायचं नाही. गाणं नाही, पाजणं नाही. खाली ठेवायची. पुन्हा उचलायची. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय खेळ करूलालीस गं?"

"तिला विसरायला शिकवतेय, मामी."

मामी आत आल्या. मग म्हणाल्या, "दे इकडं. तू टेक जरा." आणि त्या स्वतः पाळण्याशी बसून उशी वर-खाली करू लागल्या, तोंडाने मात्र काहीतरी कानडीतलं गुणगुणत, त्यामुळे प्रयोग बिघडला, पण वर्षा तोवर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पाट होते. वर्षा ओल्या केसांनी दारात थांबली. मामींनी वर पाहिलं नाही. तळहातावरच्या लिंगावर त्यांनी तांब्यातलं पाणी घातलं, ते वाटीत धरलं आणि वाटी बाजूला ठेवली. मग दुसरी वाटी घेतली, आणि दूध. "पैलं पाणी तुझं," त्या म्हणाल्या, "मागचं दूध माझं. त्याला दोन्ही चालतंय." वर्षाने हात पुढे केला. तीन पळ्या पाणी. गार होतं, आणि तांब्याची किंचित चव होती.

नांदेडला जायच्या सकाळी मामी अंबिकाला न्हाऊ घालत होत्या. पाय लांब करून, पायांवर पोरीला पालथी घालून. वर्षा शेजारी टॉवेल घेऊन उभी होती. डबी आंघोळीपुरती उतरवून मामी नेहमी आपल्या मुठीत धरत, जमिनीवर ठेवत नसत. त्या दिवशी त्यांनी वर्षाला सांगितलं, मसाल्याचा तो काटा आण. स्वयंपाकघरातला छोटा काटा; तिळाचे लाडू करताना तीळ तोलायचा. वर्षाने आणला. मामींनी पदराचं टोक काट्यावर पसरायला लावलं, आकडा शून्य करायला लावला, आणि मूठ उघडून डबी त्यावर ठेवली, दोऱ्यासकट. "बग लौकर." त्यांचं बोट डबीच्या अगदी जवळ, हवेत थांबलेलं होतं. एकोणीस ग्रॅम. त्यांनी डबी लगेच उचलून कपाळाला लावली. "किती?" त्यांनी विचारलं. वर्षाने सांगितलं. "एवढंच व्हय," मामी म्हणाल्या, आणि पोरीच्या पाठीवर पाणी घातलं.

या वेळी त्याही बरोबर आल्या. अहमदपूरला त्यांनी काकडी घेतली आणि खिडकीतून हात बाहेर काढून मिठासाठी बाईशी वाद घातला. वर्षाने त्यांच्या शेजारी बसून अंबिकाला पाजलं, मांडीवर उशी नव्हती, मामींनी पदर धरला होता. अंबिका प्यायली, मध्ये थांबून मामींच्या बांगड्यांकडे बघितलं, आणि पुन्हा प्यायली. वर्षाला हेही मोजावंसं वाटत होतं, पण डोळ्यांवर झापड होती आणि वाटेत कुठेतरी मोजणी सुटली.

दवाखान्यात तीच नर्स होती. काट्यावर तिने नवा कागद अंथरला, अंबिकाला उघडी करून ठेवली आणि डबीकडे पाहिलं, पण या वेळी काही म्हणाली नाही. अंबिकाने पाय झाडले. आकडे हलत राहिले, मागे-पुढे, खाली-वर. मामींनी नजर भिंतीकडे फिरवली. उमाशंकर दारात होता. अंबिकाला छतावर पंखा दिसला आणि ती कपाळाला आठी घालून त्याच्याकडे बघायला लागली, तेवढ्यापुरते तिचे पाय थांबले, आणि काट्यावरचे आकडेही. चार किलो सातशे वीस. नर्सने ते लिहायला पेन उचललं. वर्षा म्हणाली, थांबा, आणि मनात वजा करून तिला सांगितलं.

चार किलो सातशे एक ग्रॅम.